एकाच चित्रात अनेक आलेख: आर मधली मांडणी

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी 1973 मध्ये चार छोटे डेटासेट मांडले. प्रत्येकात 11 जोड्या. चारहींत एक्सची सरासरी 9, वायची 7.50, एक्सचं प्रचरण (व्हेरियन्स) 11, सहसंबंध गुणांक 0.816 च्या आसपास आणि रिग्रेशनची रेषाही तीच: वाय = 3 + 0.5 एक्स. नुसतं कोष्टक पाहिलं तर चारही एकाच साच्यातले वाटतात. आलेख काढले की वेगळंच दिसतं. पहिल्यात रेषेभोवती ठिपके नेहमीसारखे विखुरलेले. दुसऱ्यात स्वच्छ वक्र. तिसऱ्यात दहा ठिपके जवळजवळ सरळ रेषेत आणि एकटाच खूप वर. चौथ्यात दहा ठिपके एक्स = 8 वर एकाखाली एक उभे आणि अकरावा लांब 19 वर; त्या एकाच्या बळावर सगळी रेषा उभी आहे.

टीवायच्या मुलांना आर ही संख्याशास्त्राची संगणक भाषा शिकवताना मी आलेखांची मांडणी नेहमी इथून सुरू करते. एक कारण सोपं: हा डेटा आर सोबतच येतो, कुठून उतरवून घ्यायला लागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हे चार आलेख चार वेगळ्या पानांवर काढले तर अँस्कोम यांचं म्हणणं निम्मंच पोचतं. चारही एका नजरेत, एकाच मापावर दिसले तरच ते समजतं. आलेख एका चित्रात आणायचे ते ताडून बघता यावेत म्हणून. प्रोजेक्टची पानं कमी व्हावीत म्हणून सहा असंबद्ध आलेख एका चौकटीत कोंबलेले मी पुष्कळ पाहते, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्यातला एखादा आलेख खरंच चांगला असतो आणि तो दिसतच नाही.

आज्ञांबद्दल आधी एक सांगते. प्रॅक्टिकलला मी आज्ञा तोंडी सांगते तशाच इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत, सगळ्या लहान लिपीत करायच्या. ट्रू आणि फॉल्स मात्र पूर्ण मोठ्या अक्षरांत. आर ला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं, हे विसरू नका.

दोन ओळी, दोन स्तंभ

आर च्या मूळ ग्राफिक्समध्ये हे काम पार ही आज्ञा करते. पॅरामीटर या शब्दाची पहिली तीन अक्षरं: पी, ए, आर. तिच्यात एमएफरो ला दोन आकडे द्यायचे, आधी ओळी, मग स्तंभ. अँस्कोमचा अख्खा आलेख एवढ्यात होतो:

ओल्ड <- पार(एमएफरो = सी(2, 2), मार = सी(4, 4, 1, 1), ओमा = सी(0, 0, 2, 0))
फॉर (आय इन 1:4) {
प्लॉट(अँस्कोम[[आय]], अँस्कोम[[आय + 4]], एक्सलिम = सी(3, 19), वायलिम = सी(3, 13), पीसीएच = 19)
एबीलाइन(एलएम(अँस्कोम[[आय + 4]] ~ अँस्कोम[[आय]]))
}
एमटेक्स्ट("अँस्कोमचे चार डेटासेट", आउटर = ट्रू)
पार(ओल्ड)

या डेटात आधी चार एक्सचे स्तंभ आहेत, मग चार वायचे. म्हणून पहिल्या एक्सचा जोडीदार पाचव्या स्तंभात सापडतो आणि आय + 4 लिहून काम भागतं. अक्षांखाली अशीच कंसातली नावं उमटतील, ती नको असतील तर एक्सलॅब आणि वायलॅब ला आपले शब्द द्या.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते एक्सलिम आणि वायलिम. ते दिले नाहीत तर आर प्रत्येक आलेखाला त्याच्यापुरता अक्ष ठरवतो. पहिल्या तीन डेटासेटांत एक्स 4 ते 14 आहे, चौथ्यात 8 ते 19. तसंच सोडलं तर चौथ्या आलेखातला 8 चा खांब डाव्या कडेला जाऊन चिकटतो, आणि पहिल्यातलं एक सेंटिमीटर म्हणजे चौथ्यातलं एक सेंटिमीटर राहत नाही. चारही रेषा एकच आहेत हे सांगायला आपण बसलो, आणि चित्रात त्या वेगळ्या चढाच्या दिसतात. म्हणून सर्व आलेखांतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा आधी काढा, त्यावरून एकच हद्द ठरवा, तीच सगळ्यांना द्या. इथे वाय 3.10 पासून 12.74 पर्यंत जातो, म्हणून 3 ते 13.

आता मार. ही प्रत्येक आलेखाभोवतीची मोकळी जागा आहे आणि ती मजकुराच्या ओळींत मोजतात, सेंटिमीटरमध्ये नाही. चार आकड्यांचा क्रम खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो: खाली, डावीकडे, वर, उजवीकडे. मुळात तो 5.1, 4.1, 4.1, 2.1 असतो. एकट्या आलेखाला हे बरं, पण चार आलेखांत वरच्या चार-चार ओळी फुकट जातात आणि मधली चौकट चेपते. आरस्टुडिओच्या छोट्या खिडकीत तर बऱ्याचदा आलेखच येत नाही, "फिगर मार्जिन्स टू लार्ज" अशी लाल ओळ येते. प्रॅक्टिकलला सर्वांत जास्त हात याच ओळीला वर होतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मोकळ्या जागा मिळूनच खिडकीपेक्षा मोठ्या झाल्या आहेत, एवढंच त्याचं म्हणणं. खिडकी ओढून मोठी करा, किंवा मार चे आकडे कमी करा, किंवा थेट फाइलमध्ये काढा.

ओमा ही सगळ्या आलेखांना मिळून असलेली बाहेरची जागा. ती मुळात शून्य असते, त्यामुळे एकत्रित मथळ्याला जागाच नसते. वर दोन ओळी सोडल्या की एमटेक्स्ट मधलं आउटर = ट्रू तिथे मथळा टाकतं.

पार च्या पहिल्या ओळीत उत्तर ओल्ड मध्ये साठवलं आणि शेवटी पार(ओल्ड) लिहिलं, ते का? पार बदललं की बदललेलंच राहतं. पुढचा एकटा आलेख काढायला जाल तर तो कोपऱ्यातल्या पाव भागात येईल. जुनी मापं परत करून उठायचं.

एमएफरो ऐवजी एमएफकोल दिलं तर आलेख ओळीने न भरता स्तंभाने भरतात. आधी-नंतर असे जोडीचे आलेख वरखाली हवे असतील तेव्हा ते सोयीचं पडतं. आणखी एक गोष्ट आर गुपचूप करतो: दोन-दोनच्या मांडणीत अक्षरं 0.83 पट करतो, तीन किंवा जास्त ओळी वा स्तंभ झाले तर 0.66 पट. अक्षरं बारीक का झाली याचं उत्तर हे.

रिग्रेशन मॉडेल तपासायला तर हीच दोन-दोनची चौकट वापरायची. एलएम (रिग्रेशन काढणारी आज्ञा) चं उत्तर सरळ प्लॉट ला दिलं की चार आलेख येतात: रेसिड्युअल विरुद्ध फिटेड, क्यू-क्यू, स्केल-लोकेशन आणि रेसिड्युअल विरुद्ध लिव्हरेज (एकेका निरीक्षणाचा रेषेवरचा जोर). पार दिलेलं नसेल तर आर एकेक आलेख दाखवत रिटर्न दाबायला सांगत बसतो. अँस्कोमच्या चौथ्या डेटासेटवर हे करून बघा. आर सूचना देईल की आठवं निरीक्षण लिव्हरेज 1 असल्यामुळे काढलेलं नाही. तोच 19 वरचा ठिपका.

सगळ्या चौकटी सारख्या नको असतील तर

मुख्य आलेख मोठा आणि बाकीचे लहान, असं हवं असेल तर लेआउट वापरा. त्याला एक मॅट्रिक्स द्यायची. मॅट्रिक्समधला आकडा म्हणजे कितवा आलेख तिथे बसेल. शून्य म्हणजे ती जागा रिकामी.

याला माझं आवडतं उदाहरण फेथफुल या डेटाचं. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा उसळणारा झरा आहे. त्याची 272 निरीक्षणं आर मध्ये आहेत: उसळी किती मिनिटं टिकली आणि पुढच्या उसळीसाठी किती मिनिटं थांबावं लागलं. स्कॅटर प्लॉट काढला की दोन स्पष्ट पुंजके दिसतात, सुमारे दोन मिनिटांच्या छोट्या उसळ्या आणि साडेचारच्या आसपासच्या मोठ्या. छोट्या उसळीनंतर वाट थोडी, मोठीनंतर जास्त. वरच्या कडेला उसळीच्या काळाचा हिस्टोग्राम आणि उजव्या कडेला थांबण्याच्या वेळेचा हिस्टोग्राम ठेवला तर दोन्ही चलांत दोन-दोन शिखरं आहेत हेही त्याच नजरेत येतं.

लेआउट(मॅट्रिक्स(सी(2, 0, 1, 3), 2, 2, बायरो = ट्रू), विड्थ्स = सी(3, 1), हाइट्स = सी(1, 3))
लेआउट.शो(3)

पहिल्या ओळीत 2 आणि 0, दुसऱ्या ओळीत 1 आणि 3. म्हणजे पहिला काढलेला आलेख खाली डावीकडे मोठा, दुसरा त्याच्या डोक्यावर, तिसरा उजवीकडे, आणि वरचा उजवा कोपरा मोकळा. लेआउट.शो रिकाम्या चौकटी आकड्यांसह दाखवतं. डेटाला हात लावण्याआधी हा नकाशा बघून घ्या. मांडणी चुकली असेल तर ती इथेच कळते.

खरी मेहनत आहे ती हिस्टोग्रामचे खांब खालच्या ठिपक्यांच्या बरोबर वर आणण्यात. इंटरनेटवरच्या अशा कितीतरी आलेखांत ते थोडे सरकलेले असतात, आणि सरकलेला खांब खोटं सांगतो. जुळवणी अशी करायची. सुरुवातीलाच पार(एक्सएएक्सएस = "आय", वायएएक्सएस = "आय") द्या. एरवी आर अक्षाच्या दोन्ही टोकांना 4 टक्के जागा वाढवतो, ती यामुळे वाढत नाही. मुख्य आलेखाला एक्सलिम 1.5 ते 5.25 आणि वायलिम 40 ते 100 द्या. हिस्ट ला ब्रेक्स अगदी याच हद्दींचे द्या: उसळीसाठी सीक(1.5, 5.25, 0.25), वाट बघण्यासाठी सीक(40, 100, 5). त्यात प्लॉट = फॉल्स लिहिलं की हिस्ट चित्र काढत नाही, नुसत्या मोजण्या देतं. मग त्यातले काउंट्स बारप्लॉट ला द्या, स्पेस = 0 ठेवून, म्हणजे खांब एकमेकांना चिकटतील. उजवीकडच्यासाठी हॉरिझ = ट्रू.

शेवटी मार. मुख्य आलेखाला सी(4, 4, 0.5, 0.5) दिलं असेल तर वरच्याला डावी-उजवी जागा तीच हवी: सी(0, 4, 1, 0.5). उजवीकडच्याला खालची-वरची तीच हवी: सी(4, 0, 0.5, 1). प्रत्येक आलेखाच्या आधी पार(मार = ...) ची ओळ लिहायची. मधेच पार(एमएफरो = ...) मात्र लिहू नका, लेआउट मोडून जातं.

जीजीप्लॉट2 वापरत असाल तर

जीजीप्लॉट2 हे आर मधलं आलेख काढायचं वेगळं पॅकेज. वरचं सगळं त्यावर चालत नाही. ते ग्रिड नावाच्या वेगळ्या यंत्रणेवर चित्र काढतं आणि पार त्याला ठाऊकच नसतं. एमएफरो देऊन दोन जीजीप्लॉट काढले तर दोन वेगळी पानंच मिळतात. तिथे दोन वाटा आहेत, आणि कुठली कधी घ्यायची हे नीट ओळखलं पाहिजे.

एकच आलेख गटागटाने परत काढायचा असेल तर फॅसेट. एअरक्वालिटी हा डेटा घ्या: न्यूयॉर्कमधली 1973 च्या मे ते सप्टेंबरची हवा, 153 दिवस. यात स्तंभांच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, अक्षावर तसं लिहा, नाहीतर 97 अंश वाचून आपल्याकडचा वाचक चमकेल.

जीजीप्लॉट(एअरक्वालिटी, एईएस(टेंप, ओझोन)) + जिऑम_पॉइंट() + फॅसेट_रॅप(~ मंथ, एनरो = 1)

पाच महिन्यांच्या पाच चौकटी, सगळ्यांना तेच अक्ष. फॅसेट मापं आपणहून सारखी ठेवतं, म्हणून ते मला आवडतं. स्केल्स = "फ्री" लिहून ती सोय घालवायची असेल तर चांगलं कारण हवं, आणि तसं केल्याचं चित्राखाली लिहायला हवं. आता चौकटींकडे बघा. जूनमध्ये फक्त 9 ठिपके आहेत. ओझोनच्या 37 नोंदी या डेटात नाहीत आणि त्यातल्या 21 एकट्या जूनच्या आहेत. सगळे महिने एकाच आलेखात असते तर हे कळलं नसतं, आणि जूनबद्दल आपण नको तितक्या खात्रीने बोललो असतो. आर 37 ओळी गाळल्याची सूचना देतो, ती पुसून टाकू नका, वाचा.

आलेखच वेगवेगळ्या जातीचे असतील तर पॅचवर्क हे पॅकेज घ्या. थॉमस लिन पेडरसन यांनी ते लिहिलं आहे आणि त्याचं व्याकरण फार सुंदर आहे. प्रत्येक आलेख नाव देऊन साठवायचा. पी1 मध्ये ओझोन आणि तापमानाचा स्कॅटर, पी2 मध्ये महिन्यावार ओझोनचा बॉक्स प्लॉट, पी3 मध्ये वाऱ्याचा हिस्टोग्राम. बॉक्स प्लॉटला महिना फॅक्टर(मंथ) असा द्या, नाहीतर पाचाऐवजी एकच पेटी येईल. मग:

(पी1 | पी2) / पी3 + प्लॉट_लेआउट(हाइट्स = सी(2, 1))

उभी रेघ म्हणजे शेजारी, तिरकी रेघ म्हणजे खाली. कंस गाळू नका. आर भागाकार आधी करतो, त्यामुळे कंस नसतील तर पी2 च्या खाली पी3 जातो आणि पी1 डावीकडे पूर्ण उंचीचा उभा राहतो. तसंच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

रंगांची सूची प्रत्येक आलेखाला वेगळी येत असेल तर प्लॉट_लेआउट मध्ये गाइड्स = "कलेक्ट" लिहा, सारख्या सूच्या एक होतात. सगळ्या आलेखांना एकच थीम लावायची असेल तर अधिक चिन्हाऐवजी अँपरसँड (&) वापरा. अधिक चिन्ह फक्त शेवटच्या आलेखाला लागू होतं. आणि चौकटींना अ, ब, क अशी अक्षरं हवी असतील तर प्लॉट_अ‍ॅनोटेशन(टॅग_लेव्हल्स = लिस्ट(सी("अ", "ब", "क"))). मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे जरूर करावं. मजकूर मराठी आणि चित्रावर रोमन अक्षरं, हे बघायला बरं दिसत नाही.

आलेखात मराठी मजकूर टाकताना मात्र जपून. आर चं साधं पीडीएफ देवनागरी ओळखत नाही, अक्षरांच्या जागी टिंबं उमटवतं. काही साधनांत अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. रॅग हे पॅकेज बसवा आणि पीएनजी काढा. ते मात्रा आणि जोडाक्षरं नीट जुळवतं. ते बसवलेलं असलं की जीजीसेव्ह पीएनजीसाठी आपणहून तेच घेतं. मूळ ग्राफिक्ससाठी रॅग मधली एजीजी_पीएनजी ही आज्ञा आधी द्यायची आणि शेवटी डेव्ह.ऑफ.

पायथनमध्ये काम करणाऱ्यांना एवढंच सांगते: मॅटप्लॉटलिब च्या सबप्लॉट्स ला ओळी आणि स्तंभ देताना शेअरएक्स = ट्रू, शेअरवाय = ट्रू आणि लेआउट = "कन्स्ट्रेन्ड" ही तीन देऊन टाका. पहिली दोन मापं सारखी ठेवतात, तिसरं अक्षरं एकमेकांवर चढू देत नाही.

कागदाचं माप आधी

चित्र कितीचं हवं हे काढण्याआधी ठरवा. ए4 कागद 21 सेंटिमीटर रुंद. बाइंडिंगसाठी डावीकडे 4 आणि उजवीकडे अडीच सोडले तर साडेचौदा उरतात. मग चित्र साडेचौदाचंच काढा:

जीजीसेव्ह("ओझोन.पीएनजी", विड्थ = 14.5, हाइट = 12, युनिट्स = "सीएम", डीपीआय = 300)

पुष्कळजण स्क्रीनभर मोठा आलेख काढतात आणि वर्डमध्ये कोपरा धरून निम्मा करतात. जीजीप्लॉटची अक्षरं मुळात 11 पॉइंटच्या हिशोबाची. चित्र निम्मं झालं की ती साडेपाचची होतात, आणि अक्षांवरचे आकडे तर त्याहूनही लहान असतात. एका चित्रात चार आलेख असले की हा त्रास चारपट जाणवतो. एक्स्टर्नल चष्मा वर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेतात, तेव्हा विद्यार्थ्याचं काम चांगलं असूनही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मला ते बघवत नाही.

रंगांवर फार विसंबू नका. प्रॅक्टिकलचं जर्नल बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरूनच पुढे जातं आणि तिथे लाल आणि हिरवा एकाच राखाडीत मिळतात. गट दाखवायला रंगासोबत ठिपक्याचा आकारही बदला: एका गटाला वर्तुळ, दुसऱ्याला त्रिकोण. चौकटी वेगळ्या केल्या असतील तर रंगाची गरजही राहत नाही, हा फॅसेटचा आणखी एक फायदा.

फाइल तयार झाली की तेवढंच एक पान छापून बघा. हातभर अंतरावरून प्रत्येक अक्षाचा आकडा वाचता आला पाहिजे. येत नसेल तर वर्डमध्ये ओढाताण करू नका. आर मध्ये जाऊन थीम_बीडब्ल्यू चा बेस_साइझ (अक्षरांचं मूळ माप) वाढवा किंवा एक ओळ कमी करून आलेख दोन चित्रांत वाटा, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवा.